जंगलात पडलेला ओंडका जातो कुठे?

जुलै उजाडला की व्हॉट्सॲपवर एक फोटो हमखास फिरायला लागतो. काळोखं जंगल, आणि त्यात हिरवट उजेडाने उजळलेल्या काटक्या. खाली मजकूर: ‘भीमाशंकरचं चमकणारं जंगल’. मग घरच्या ग्रुपवर चर्चा होते. मावशी विचारते, “खरंय का रे हे?” एक काका ठासून सांगतात, “रेडियम असतं त्यात.” दोघे-तिघे शनिवारचा बेत आखतात आणि पावसाचा जोर बघून रद्द करतात.

फोटो बहुतेक वेळा खरा असतो. फक्त कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवलेलं असतं, त्यामुळे डोळ्यांना दिसतो त्याहून कितीतरी जास्त उजेड त्यात उतरतो. रेडियमचा काही संबंध नाही. ओल्या, कुजत्या लाकडात वाढणारी बुरशी तो उजेड देते. मला मात्र उजेडापेक्षा त्या लाकडाचं कुतूहल जास्त आहे. बुरशी तिथे दिवे लावायला आलेली नसते, जेवायला बसलेली असते. आणि तिच्या ताटात जे आहे ते पचवणं बाकी जवळजवळ कुणालाच जमत नाही.

गुरवकाकांचा ओंडका

श्रीवर्धनच्या बाजूला आमच्या गावाजवळ एक छोटी देवराई आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा राईतलं बेहड्याचं एक जुनं झाड मुळासकट आडवं झालं. गावात पत्रे उडालेले, सुपारीच्या बागा झोपलेल्या, वीज नाही. अशा दिवसांतही त्या झाडाला कुणी कोयता लावला नाही. राईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा तिथला नियम. मी गुरवकाकांना विचारलं, “एवढा ओंडका असाच पडून राहणार?” ते म्हणाले, “देवाचं झाड. देवच नेईल.”

देव नेतोय, पण हप्त्याहप्त्याने. तेव्हापासून दर पावसाळ्यात मी त्या ओंडक्याची चौकशी करायला जातो. पहिल्या पावसाळ्यात त्याला आपण मेलोय हे कळलंच नव्हतं. पडल्या पडल्या त्याने खोडातून कोवळे फुटवे काढले होते. दुसऱ्या पावसाळ्यात सालीला बारीक भोकं पडली, भोकांतून पिठासारखा भुस्सा सांडू लागला आणि फांद्यांवर नखाएवढे, लव असलेले पांढुरके पंखे उगवले. तिसऱ्या वर्षी पट्ट्यापट्ट्यांच्या कडक पाळ्या आणि एक शेंदरी रंगाची टोपी. चौथ्या वर्षी साल सुटली. पुढच्या पावसाळ्यात मी हातातली काठी सहज टेकवली तर ती वीतभर आत गेली.

दोन माणसांच्या कवेत न मावणारं ते खोड. कुणी उचललं नाही, जाळलं नाही. मग गेलं कुठे?

लाकूड म्हणजे कुडाची भिंत

आधी लाकूड कशाचं बनतं ते बघू. कोकणातली किंवा घाटावरची कुडाची भिंत पाहिली असेल तर समजायला सोपं. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या, आडव्या कामट्यांनी आणि सुंभाने बांधून घ्यायच्या आणि वरून शेणमातीचा गिलावा थापायचा. लाकडाच्या प्रत्येक पेशीची भिंत साधारण अशीच असते, फक्त केसाहून बारीक.

यातल्या काठ्या म्हणजे सेल्युलोज. लाकडाच्या वजनात त्याचा वाटा चाळीस ते पन्नास टक्के. सेल्युलोज ही ग्लुकोजची लांबलचक माळ आहे, तेच ग्लुकोज जे भाकरीतल्या पिठातही असतं. पिठात मणी एका पद्धतीने ओवलेले, सेल्युलोजमध्ये दुसऱ्या. एवढ्याशा फरकाने भाकरी आपण पचवतो आणि काटकी पचवू शकत नाही. सुंभ म्हणजे हेमिसेल्युलोज, त्याही साखरेच्याच माळा, पण आखूड आणि फाटे फुटलेल्या. आणि गिलावा म्हणजे लिग्निन. लाकडात ते वीस ते तीस टक्के असतं. झाडाला ताठ उभं राहता येतं आणि पाणी मुळापासून शेंड्यापर्यंत न झिरपता चढतं, ते त्याच्या जोरावर.

लिग्निन साखरेचं नसतं, आणि त्याच्या जोडणीला क्रम नसतो. माळेत दोन मण्यांमधली गाठ सगळीकडे सारखी असते, म्हणून एक गाठ सोडवता आली की सगळी माळ सुटते. लिग्निनमध्ये प्रत्येक गाठ वेगळी, कुठूनही कुठे मारलेली. नीटनेटक्या बाईने विणलेला स्वेटर उसवता येतो. मांजराने खेळून ठेवलेला लोकरीचा गुंता उसवता येत नाही, तसं हे. शिवाय साखरेच्या काठ्या या गुंत्याच्या आत गाडलेल्या. म्हणजे जेवण आहे, भरपूर आहे, पण गिलाव्याखाली.

आधी पचवायचं, मग खायचं

आपण अन्न पोटात घालतो आणि मग पाचकरस सोडतो. बुरशी उलटं करते. ती स्वतःच अन्नात शिरते, पाचकरस बाहेर सोडते आणि विरघळलेलं अंगाने शोषून घेते. तिचं खरं शरीर म्हणजे लाकडाच्या आत पसरलेलं धाग्यांचं जाळं. एकेक धागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही बारीक. ज्या नळ्यांतून एके काळी झाडाचं पाणी वाहत होतं, त्याच आयत्या वाटांनी तो पुढे सरकतो.

बाहेर दिसते ती छत्री किंवा पाळी म्हणजे तिचं फळ. आंब्याचं झाड जमिनीखाली असतं आणि फक्त आंबे वर आले असते, तर जसं दिसलं असतं तसं. ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून आपण जे लाथेने उडवतो ते चार दिवसांचं असतं. खालचं जाळं त्या ओंडक्यात कित्येक वर्षं राबत असतं.

किल्ली चालेना, मग पहार

पाचकरसातलं विकर (एन्झाइम) म्हणजे एक किल्ली समजा. ती ठरावीक कुलपातच बसते. सेल्युलोजसाठी असल्या किल्ल्या बऱ्याच जीवांकडे आहेत. गाईच्या पोटातल्या जिवाणूंकडे आहेत, म्हणून तर ती पेंढ्यावर जगते. लिग्निनच्या हजार वेगवेगळ्या कुलपांसाठी हजार किल्ल्या कोण करणार?

काही बुरशींनी किल्लीचा नाद सोडला आणि पहार उचलली. त्यांची विकरं हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने (जखमेवर ओतलं की फसफसतं तेच) लिग्निनमधला एखादा इलेक्ट्रॉन हिसकावून घेतात. इलेक्ट्रॉन गेला की तो भाग अस्थिर होतो आणि जिथे कच्चा असेल तिथे आपोआप तडकतो. गाठ कुठली आहे हे बघायची गरज उरत नाही. या जातीचं पहिलं विकर १९८३ साली अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या गटांना जवळपास एकाच वेळी सापडलं. त्याआधी लाकूड कुजतं हे हजारो वर्षं सगळ्यांना दिसत होतं, पण ही पहार कुणी पाहिलेली नव्हती.

अशा बुरशींनी खाल्लेलं लाकूड फिकट, ओलसर आणि तंतुमय होतं. गिलावा गेला, काठ्या थोड्या मागे राहिल्या. याला पांढरी कूज म्हणतात. माझ्या बेहड्याला लागली ती हीच, आणि सह्याद्रीतल्या रुंद पानांच्या झाडांवर जास्त करून हीच भेटते. कोकणात जुन्या फणसावर येणारा, दगडासारखा टणक, तपकिरी फणसांबा आठवतोय? आजीच्या बटव्यात उगाळायला ठेवलेला असायचा तो. तोही याच पंथातला.

दुसरा पंथ आहे तपकिरी कुजेचा, आणि त्याची चलाखी मला जास्त आवडते. या बुरशी लिग्निन खायच्या भानगडीतच पडत नाहीत. अडचण अशी की विकराचा रेणू आकाराने मोठा असतो; धड लाकडाच्या पेशीभिंतीत त्याला शिरायला जागाच नसते. मग या बुरशी लाकडातलंच थोडं लोह आणि तेच पेरॉक्साइड एकत्र आणतात. दोन्ही लहान, कुठेही घुसणारे. आत गेल्यावर त्यांची गाठ पडते आणि एक अतिशय जहाल, क्षणभरच टिकणारा कण तयार होतो, जो भेटेल त्याला तोडतो. भिंतीत सुरुंग लावून काठ्या मोडायच्या, साखर काढून घ्यायची आणि गिलावा तसाच सोडून निघून जायचं. मागे उरतं ते तपकिरी, विटेसारख्या चौकोनी तुकड्यांत फुटणारं लाकूड, चिमटीत धरलं की भुकटी. देवदार-पाइनसारख्या सूचिपर्णी जंगलांत हे जास्त दिसतं.

मीठ नसलेलं जेवण

एवढी मेहनत करून हाती लागते ती नुसती साखर. लाकडात नायट्रोजन नावापुरताच असतो. एका भागामागे कार्बनचे तीनशे-पाचशे भाग, कधी त्याहूनही जास्त. चांगल्या शेणखतात हेच प्रमाण विसाच्या आसपास असतं. नायट्रोजनशिवाय प्रथिनं नाहीत, आणि विकरं म्हणजे प्रथिनंच. म्हणजे स्वयंपाकाला पातेली हवीत आणि पातेल्यांना लागणारं पितळच घरात नाही.

बुरशी मग काटकसर करते. जाळ्याचे जुने, रिकामे झालेले भाग स्वतःच पचवून तिथला नायट्रोजन पुढच्या टोकाला पाठवते. काही जणी ओंडक्यातून बाहेर पडून जमिनीवर दोरखंडासारखे जाड धागे पसरतात आणि मातीतला नायट्रोजन ओढून आणतात. आणि काही सरळ शिकार करतात. धिंगरी तुम्हाला माहीत असेल. आपल्याकडे भाताच्या पेंढ्यावर पिकवतात, भाजी छान होते. जंगलात ही लाकूड खाणारी बुरशी आहे. तिच्या धाग्यांना सूत्रकृमी (शेतकऱ्यांच्या ओळखीचा, मुळांना गाठी आणणाऱ्यांच्या कुळातला बारीक कृमी) नुसता लागला तरी त्याला लकवा मारतो, आणि मग धागे त्याच्या अंगात शिरून त्याला पोखरतात. १९८४ साली कॅनडातल्या संशोधकांनी हे दाखवलं. श्रावणात मटणाला पर्याय म्हणून धिंगरी आणणाऱ्यांना हे सांगावं की नाही, असा मला दरवर्षी प्रश्न पडतो.

ओंडक्यातली भाऊबंदकी

एका ओंडक्यात एकच बुरशी राहते असं समजू नका. झाड उभं असतानाच काही बुरशी त्याच्या लाकडात सुप्त बसलेल्या असतात. खोड सुकू लागलं की त्या आधी जाग्या होतात. मग भुंगेरे भोकं पाडतात आणि येताना अंगाला चिकटवून आणखी जाती आणतात. वाऱ्याने येणारे बीजाणू (बुरशीचं धुळीएवढं बी) वेगळे. थोड्याच दिवसांत सातबाऱ्यावर दहा नावं लागतात आणि हद्दीवरून जुंपते. एकमेकींवर रसायनं सोडणं, एकमेकींचे धागे गुंडाळून मारणं, सगळं चालतं.

या भांडणाचा पुरावा डोळ्यांनी दिसतो. कुजक्या लाकडाचा काप काढला तर त्यात शाईने काढल्यासारख्या काळ्या रेषा दिसतात, नकाशावरच्या सीमांसारख्या. त्या बुरशींनी आपापल्या मुलखाभोवती घातलेल्या तटबंद्या आहेत. परदेशातले सुतार असं रेघांचं लाकूड मुद्दाम शोधून त्याच्या वाट्या आणि पेनं बनवतात. बेहड्याच्या एका तुटक्या फांदीत मला एका तळहाताएवढ्या जागेत पाच वेगवेगळी ‘राज्यं’ दिसली होती.

“पण आमच्याकडे लाकूड वाळवी खाते!”

खरं आहे. आपल्या कोरड्या, पानगळीच्या जंगलांत वाळवीचा वाटा फार मोठा आहे. पण वाळवीला विचारा ती कुणाच्या जिवावर खाते.

आपल्याकडच्या वारुळं बांधणाऱ्या वाळव्या लाकूड-पाचोळा चावून वारुळात नेतात, त्याची स्पंजासारखी पोळी थापतात आणि तिच्यावर एका खास बुरशीची शेती करतात. लिग्निनची कटकट ती बुरशी निस्तरते. वाळवी मग तयार माल खाते. पावसाळ्यात ही बुरशी वारुळातून वर छत्र्या काढते. विदर्भात ज्यांना सात्या म्हणतात, कोकण-गोव्यात ज्या अळंबीसाठी लोक पहाटे टॉर्च घेऊन रानात जातात आणि बाजारात ज्यांच्या वाट्याला मटणाहून जास्त भाव येतो, ती या शेतीचं पीक. (ओळखणारं माणूस सोबत नसेल तर रानातली कुठलीही छत्री तोंडात घालू नये. “चांदीचा रुपया काळा पडला तर विषारी” वगैरे सगळ्या परीक्षा खोट्या आहेत.)

जगभरात हिशोब मांडायचा प्रयत्न २०२१ मध्ये झाला. सहा खंडांतल्या ५५ जंगलांत लाकडाचे तुकडे ठेवले, काही जाळीत झाकून, काही उघडे. कुजण्यातून बाहेर पडणाऱ्या कार्बनपैकी कीटकांमुळे जाणारा वाटा साधारण २९ टक्के निघाला. उरलेल्यात बहुतांश बुरशीचं काम. उष्ण प्रदेशात लाकडाचं वजन वर्षाला सरासरी २८ टक्क्यांनी घटलं. उत्तरेच्या थंड जंगलांत जेमतेम तीन टक्क्यांनी. ते तुकडे होते, अख्खं खोड नव्हतं, म्हणून बेहडा अजून शिल्लक आहे.

“मग आमच्या वाड्याचा खांब शंभर वर्षं कसा टिकला?”

कारण बुरशीला लाकडाबरोबर पाणी आणि हवा दोन्ही लागतात. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असेल तर ती काही करू शकत नाही. घरात, छपराखाली, लाकूड तेवढं कोरडं सहज राहतं. उलट लाकूड पाण्यात पूर्ण बुडालं किंवा चिखलात रुतलं तर हवा मिळत नाही, तेव्हाही ती उपाशी. कुंपणाचा खांब आठवा. खाली जमिनीत खोल गेलेला भाग बरा असतो, वरचा भागही बरा असतो, कुजतो तो जमिनीलगतचा वीतभर पट्टा, जिथे ओल आणि हवा एकत्र भेटतात. जुन्या घराची तुळईही मध्ये कुजत नाही. ती भिंतीत गेलेल्या टोकाला, जिथे पावसाची ओल झिरपते तिथे कुजते. आमचा सुतार बोटांच्या गाठींनी तुळई वाजवत टोकापर्यंत जायचा. ठण ठण ठण करत अचानक बद्द आवाज आला, की घरधन्याचा चेहरा उतरायचा.

शिवाय लाकूड लाकडात फरक आहे. सागाच्या गाभ्यात झाडाने जिवंतपणी तेलं आणि विषारी रसायनं भरून ठेवलेली असतात, एक प्रकारचं लोणचंच. सागाची बाहेरची फिकट पट्टी मात्र तशी नसते, तीही लवकर जाते; दाराच्या चौकटीत पांढरं लाकूड लावलं म्हणून सुताराशी भांडणारी जुनी माणसं वेडी नव्हती. सावर, आंबा, बेहडा यांच्याकडे अशी बेगमी नसते.

सह्याद्रीत या सगळ्याला ऋतूची लय आहे. जूनपासून दिवाळीपर्यंत काम जोरात, उन्हाळ्यात जाळं वाळून निपचित. मेमध्ये तोच ओंडका बघितलात तर वाटेल इथे काही घडतच नाही.

“जिवंत झाडावरही येते. मग ती झाडाला मारते ना?”

काही बुरशी मारतात. नारळाच्या मुळांना लागणारी गॅनोडर्मा बागायतदारांना चांगलीच ठाऊक आहे. पण सगळ्याच तशा नाहीत. मोठ्या झाडाचा गाभा तसाही मेलेला असतो. जिवंत भाग असतो सालीलगतचा. बुरशीने गाभा खाल्ला तरी झाड पोकळ नळकांड्यासारखं कित्येक वर्षं उभं राहतं, फळं देतं.

आणि त्या पोकळीत बिऱ्हाडकरू येतात. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोचीएवढी फट ठेवते आणि पिलं बरीच मोठी होईपर्यंत बाहेर पडत नाही. एवढी दणकट चोच असूनही धनेशाला ढोली कोरता येत नाही. त्याला आयती लागते, आणि त्याच्या आकाराची ढोली तयार होते ती जुन्या झाडाचा गाभा बुरशीने खाल्ल्यावर. सुतार पक्षी स्वतः कोरतो खरा, पण तोही पुष्कळदा बुरशीने मऊ केलेलं लाकूड निवडतो. ‘पोकळ झालंय, पडेल’ म्हणून रानातलं जुनं झाड तोडलं, तर एक घर पाडलेलं असतं. शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडाचा न्याय वेगळा, तिथे खाली माणसं उभी असतात.

“यातून कार्बन डायॉक्साइड निघतो. मग ओंडके उचललेले बरे नाहीत का?”

हा प्रश्न हल्ली बरेच विचारतात आणि तो चुकीचा नाही. बेहडा गेला कुठे, याचं खरं उत्तर हेच आहे: बराचसा हवेत. चुलीत लाकूड जळतं तेव्हा जे घडतं तेच इथे घडतं, फक्त आच न लागता, वर्षानुवर्षं. वर सांगितलेल्या २०२१ च्या अभ्यासाचा अंदाज असा की मेलेल्या लाकडातून दरवर्षी सुमारे १०.९ अब्ज टन कार्बन बाहेर पडतो, त्यातला ९३ टक्के उष्ण प्रदेशातल्या जंगलांतून. जगभरच्या कोळसा-तेलाच्या धुरापेक्षाही हा आकडा थोडा मोठा आहे.

घाबरायच्या आधी खातेवही पुरती बघू. हा कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला होता, आणि शेजारचं वाढतं झाड तो पुन्हा घेतं. याच खिशातून त्या खिशात. कोळशाचा कार्बन मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वी खात्यातून काढून जमिनीत पुरलेला आहे; तो जाळला की खात्यात नवीनच रक्कम येते. ओंडका उचलून नेला तरी तो शेवटी चुलीत जाणार, म्हणजे तोच वायू दहा वर्षांऐवजी दहा मिनिटांत. जंगलात राहिला तर निदान त्याचा काही भाग बुरशीच्या शरीराच्या आणि अर्धवट मोडलेल्या लिग्निनच्या रूपाने मातीत उतरतो, आणि जाता जाता वाणी, गोम, भुंगेऱ्यांच्या अळ्या, मॉस आणि नुकती रुजलेली रोपं यांना पाणी धरून ठेवणारा स्पंज देऊन जातो. निसर्ग अभ्यासक माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया फिरून नोंदवल्या, तेव्हा तिथलं वैविध्य बघून लोक चकित झाले. त्या वैविध्यात ‘वाळकी काटकी न्यायची नाही’ या नियमाचा हात किती, हे मोजणं अवघड आहे, पण माझ्या मते तो थोडाथोडका नसावा.

याचा अर्थ आदिवासी पाड्यावरच्या बाईने मोळी आणू नये असा नाही. तिच्या डोक्यावर येतात त्या बारीक काटक्या. मी बोलतोय ते ‘जंगल स्वच्छ दिसावं’ म्हणून मोठी खोडं ओढून काढण्याबद्दल.

बुरशी नसती तर? चंद्रपूरला विचारा

कोळशाचा विषय निघालाच आहे तर एक लोकप्रिय गोष्ट तपासून घेऊ. गोष्ट अशी: फार पूर्वी झाडांना लिग्निन सापडलं, पण ते खाणारी बुरशी अजून जन्मली नव्हती. म्हणून मेलेली झाडं न कुजता साठत गेली आणि त्यांचा कोळसा झाला. मग पांढऱ्या कुजेची बुरशी आली आणि कोळसा बनणं थांबलं. २०१२ मध्ये ३१ बुरशींच्या जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पहारवाल्या विकरांचा उगम साधारण २९ कोटी वर्षांपूर्वीचा निघाला, म्हणजे कोळशाच्या प्रसिद्ध कार्बनी युगाच्या शेवटाजवळचा. गोष्टीला बळ आलं.

गोष्ट सुंदर आहे, पण चंद्रपूरचा कोळसा तिला छेद देतो. वर्धा खोऱ्यातला हा कोळसा त्यानंतरच्या पर्मियन युगातला आहे. म्हणजे बुरशीला लिग्निन खाता येऊ लागल्यावरही कोळसा बनत राहिला. त्यानंतरच्या युगांतही बनला. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हाच मुद्दा सविस्तर मांडला: कोळशाला हवी असते खचत जाणारी जमीन आणि कायम पाण्याखालची दलदल. पाण्याखाली हवा नाही, हवेशिवाय बुरशी नाही. कुंपणाच्या खांबाचा नियम, मोठ्या प्रमाणावर. मला ही दुसरी बाजू जास्त पटते, जरी पहिली सांगायला जास्त रंगतदार असली तरी.

लिग्निन तोडणाऱ्या बुरशींच्या विकरांना माणसाने आता कामाला लावलंय. जीन्सला मुद्दाम विटका रंग आणायला, कागदाच्या लगद्यातलं लिग्निन काढायला, रंगाचं सांडपाणी फिकं करायला. त्याबद्दल मोठमोठे दावे होत असतात. त्यातले बरेचसे अजून प्रयोगशाळेतच आहेत.

आणि ते चमकणं?

चमकणाऱ्या बुरशींच्या शंभराहून अधिक जाती जगात माहीत आहेत आणि त्या बहुतेक सगळ्या पांढऱ्या कुजेवाल्या. त्यांच्या अंगात कॅफिक आम्लापासून (नाव कॉफीवरून आलेलं, कॅफीन नव्हे) एक पदार्थ तयार होतो. विकराच्या मदतीने त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की हिरवा, थंड उजेड पडतो. ही साखळी इतकी पक्की समजली आहे की २०२० मध्ये तिची जनुकं तंबाखूच्या रोपात घालून ती रोपं अंधारात चमकवली गेली.

कशासाठी चमकते, यावर मात्र एकमत नाही. ब्राझीलमध्ये संशोधकांनी खोट्या छत्र्यांत हिरवे दिवे लावून ठेवले, तर त्यांच्याकडे किडे जास्त आले. किडे आले की बीजाणू पसरतात, म्हणजे हिशोब जुळतो. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या जातीवर तसंच बघितलं, तर किड्यांना काही फरक पडला नाही. कदाचित काही जातींत ही जाहिरात असेल आणि काहींत नुसता कामाच्या ओघात आपोआप पडणारा उजेड. बघायचंच असेल तर अमावास्येच्या आसपास जा, टॉर्च विझवून डोळ्यांना दहा-पंधरा मिनिटं सवय होऊ द्या आणि चमकणारी काटकी आठवण म्हणून खिशात घालू नका. घरी पोचेपर्यंत ती वाळते आणि विझते.

गेल्या पावसाळ्यात मीही हा प्रयोग केला. रात्री गुरवकाकांना घेऊन राईत गेलो, ओंडक्याशेजारी बसलो, टॉर्च विझवला. बेडकांचा गोंधळ, पानांवरून ठिबकणारं पाणी, डास. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बेहडा काही चमकला नाही. काका म्हणाले, “चला आता, उद्या लवकर उठायचंय.” टॉर्च लावला, तेव्हा ओंडक्यावरच्या एका छत्रीच्या कडेला बोटभर गोगलगाय चिकटली होती आणि निवांत कुरतडत होती.